ब्लेड वाईट होतं की हात? दाढीच्या पात्याची सव्वाशे वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना आलेले जास्तीचे ‘म्हणजे’ काढलेत, मधेच वाजलेली कुकरची शिट्टी काढलीय, बाकी बऱ्यापैकी तसंच आहे.

आजचा विषय दाढीचं ब्लेड. हसू नका. मागं कोल्हापूरच्या रेल्वेवर बोललो तेव्हा पण काही जण हसले होते, आणि मग त्याच भागावर सगळ्यात जास्त मेसेज आले.

तर झालं असं. २०२१ च्या पावसाळ्यात मी पुण्याहून घरी, शाहूपुरीत, येऊन राहिलो होतो. लॅपटॉप, वायफाय आणि आईच्या हातचं जेवण. एक दिवस आजोबांच्या कपाटात वायर शोधताना एक डबी सापडली. आत जुना सेफ्टी रेझर. स्टीलचा, जड, खालची मूठ फिरवली की वरचं डोकं सुटतं तसला. विशेष म्हणजे कधीच न वापरलेला. आमच्या घरात हा रेझर असणं ही एक गंमतच आहे, कारण आजोबांचं शाहूपुरीत सलून होतं. एका गिऱ्हाइकानं मुंबईहून आणून त्यांना भेट दिला होता आणि म्हणाला होता, “घ्या, आता तुमची गरज संपली.” आजोबा हसले, त्याची दाढी केली, पैसे घेतले आणि डबी कपाटात ठेवली.

मी तो वापरायला घेतला. आणि सॉफ्टवेअरवाला माणूस जे करतो ते केलं: एक्सेल शीट बनवली. सहा वेगवेगळ्या कंपन्यांची ब्लेडं मागवली. प्रत्येकाच्या पाच-पाच दाढ्या, दहापैकी मार्क, शेवटच्या रकान्यात शेरा. एका ब्लेडला आठ मार्क, शेरा ‘एकदम मऊ’. एकाला तीन मार्क, शेरा ‘अंगावर येतं, परत घ्यायचं नाही’. नावं घेत नाही. कारण पुढं कळेल की त्या नावांचा यात फारसा संबंधच नव्हता.

मागच्या दिवाळीत, अभ्यंगस्नानाच्या पहाटे, माझं आवडतं ब्लेड संपलेलं. दुकानं बंद. ड्रॉवरमध्ये ते तीन मार्कवालं पडलं होतं. नाइलाजानं लावलं. आणि मंडळी, तीन वर्षांत इतकी सुरेख दाढी झाली नव्हती. एक टिपूस रक्त नाही, मानेवर आग नाही.

ब्लेड तेच. पुडकं पण तेच. मग बदललं काय?

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात: टेस्ट फेल झाली की लगेच कोडला शिव्या घालू नको, आधी टेस्ट बरोबर आहे का ते बघ. मी तीन वर्षं ज्याला ब्लेडची परीक्षा समजत होतो, ती माझ्या हाताची परीक्षा होती. त्यावरून मी या ब्लेडच्या इतिहासात शिरलो, आणि शिरल्यावर दिसलं की ‘यात ब्लेडचं किती आणि हाताचं किती’ हा प्रश्न माझा एकट्याचा नाही. या वस्तूचा सगळा इतिहासच त्याच प्रश्नाभोवती फिरतो.

सुरुवात वस्तऱ्यापासून करू.

आमचं मूळ गाव पन्हाळ्याच्या बाजूला. पन्हाळा म्हणलं की आमच्या समाजात पहिलं नाव येतं ते शिवा काशीद यांचं. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराजांना निसटता यावं म्हणून महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसलेला हा नाभिक वीर. आजोबांच्या सलूनमध्ये आरशाच्या वर दोन फोटो होते, एक त्यांचा आणि एक संत सेना महाराजांचा.

पणजोबा गावचे बलुतेदार. काखेत धोकटी. धोकटीत वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, छोटा आरसा, पाण्याची वाटी, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा. पैसे नाहीत; सुगीला घरटी ठरलेलं धान्य.

वस्तऱ्याच्या कामात दोन वेगळी कौशल्यं असतात, ती इथंच सुटी करून ठेवतो, कारण पुढचा सगळा भाग त्यावर आहे. पहिलं, धार लावणं. दगडावर किती वेळ, कुठल्या कोनात, मग पट्ट्यावर किती हात. दुसरं, धार चालवणं. कातडं कुठं ताणायचं, केस कुठल्या दिशेनं उगवलेत, सुलटा हात कुठं आणि उलटा हात कुठं, गळ्याच्या घाटीपाशी मनगट कसं वळवायचं. आजोबा सांगतात की त्यांना पहिलं यायला एक वर्ष लागलं आणि दुसरं यायला चार. पहिले काही महिने तर फक्त फेस करायला दिला होता.

म्हणजे सामान्य माणसाला रोज स्वतःची दाढी करायची तर ही दोन्ही कौशल्यं स्वतःकडं हवीत, नाहीतर ती असलेला माणूस हवा. युरोपात यावर विचार आधीपासून चालू होता. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पेरे नावाच्या कारागिरानं वस्तऱ्याला लाकडी आडोसा लावून बघितला, म्हणजे पातं खोल घुसू नये. १८८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये काम्फे बंधूंनी ‘स्टार’ नावाचा रेझर काढला, त्याला दातऱ्यासारखं कुंपण होतं. पण या दोन्हींत पात्याला धार तुम्हालाच लावायची होती. म्हणजे दुसऱ्या कौशल्याला थोडी मदत मिळाली, पहिलं तसंच राहिलं.

पहिलं कौशल्य काढून टाकलं ते किंग कॅम्प जिलेट या माणसानं. ‘किंग’ हे त्याचं नाव, पदवी नाही. धंद्यानं फिरता विक्रेता. बाटल्यांची पत्र्याची बुचं बनवणाऱ्या कंपनीत तो काम करायचा, आणि त्या बुचाचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटरनं त्याला सल्ला दिला होता की लोक एकदा वापरून फेकतील आणि परत घ्यायला येतील असं काहीतरी शोध. १८९५ मध्ये एका सकाळी बोथट झालेला वस्तरा हातात असताना त्याला सुचलं: धार लावायचीच कशाला? पातळ पत्र्याच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी धार, बोथट झाली की फेकून द्यायची.

शाहूपुरीकरांसाठी एक गमतीचा योगायोग. आपल्या शाहूपुरीची गुळाची बाजारपेठ शाहू महाराजांनी वसवली ती पण १८९५ चीच. मिरजेहून रेल्वे १८९१ मध्ये आली होती, आणि स्टेशनला लागून ही पेठ उभी राहिली. म्हणजे आपला परिसर आणि फेकायचं ब्लेड, दोघं एका वयाचे.

सुचणं सोपं होतं, करणं अवघड. इतक्या पातळ पोलादाला कडक करायला गेलं की ते भट्टीत वाकडं व्हायचं. आपल्या उद्यमनगरातल्या कुठल्याही हीट ट्रीटमेंटवाल्याला विचारा, पातळ जॉब सरळ ठेवणं म्हणजे काय डोकेदुखी असते. हा प्रश्न सोडवला विल्यम निकरसन या इंजिनिअरनं. १९०१ मध्ये बोस्टनमध्ये कंपनी सुरू झाली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. एवढंच. १९०४ मध्ये पेटंट मिळालं. आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून जास्त ब्लेडं घेतली. सैनिक घरी परतले ते रोज स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊन.

आता नीट बघा, जिलेटनं विकलं काय? त्याची जाहिरात सांगायची की दगड नको, पट्टा नको. म्हणजे धार लावण्याचं कौशल्य त्यानं तुमच्या घरातून काढून कारखान्यात नेलं. धार चालवण्याचं मात्र थोडंसं तुमच्याकडंच ठेवलं. कोन, दाब, दिशा. रेझरच्या कुंपणामुळं गळा कापला जाणार नाही एवढी हमी मिळाली, पण दाढी चांगली होईल याची हमी काही नव्हती.

हे सगळं बोस्टनमध्ये चाललं होतं तेव्हा इकडं महाराष्ट्रात वस्तऱ्याभोवती काय चाललं होतं? हे सांगितल्याशिवाय ‘स्वतःची दाढी स्वतः करणं’ या साध्या गोष्टीचं वजन कळत नाही.

पहिली गोष्ट अभिमानाची. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक एकत्र आले आणि त्यांनी ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. लोखंडे म्हणजे सत्यशोधक, गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे, ‘दीनबंधु’चे संपादक. नवरा मेला म्हणून बाईचं डोकं भादरायची रूढी, आणि ते काम ज्याच्या हातून व्हायचं त्यानंच हात मागं घेतला. त्यात त्यांचं उत्पन्न बुडणार होतं. तरी केलं. आमच्या समाजात ही गोष्ट छाती पुढं करून सांगतात, आणि सांगायलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट छाती पुढं करून सांगता येत नाही. साताऱ्यात, म्हणजे आपल्यापासून हायवेनं दोन-अडीच तासांवर, जिलेटची कंपनी सुरू होत होती त्याच सुमारास, एक शाळकरी मुलगा होता. घरी पैसे नव्हते असं नाही. गावात न्हावी नव्हते असंही नाही. पण एकही न्हावी त्या घरातल्या पोरांचे केस कापायला तयार नव्हता, कारण ते घर अस्पृश्याचं. म्हणून त्याची मोठी बहीण सगळ्या भावांचे केस कापायची, आणि करून करून त्या कामात तरबेज झाली होती. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हे स्वतः लिहिलंय.

एकच हत्यार, एकच समाज, दोन नकार. एक नकार दुसऱ्याच्या डोक्यावरचा अन्याय थांबवण्यासाठी, दुसरा नकार हाच अन्याय. मी हे वाचेपर्यंत कौशल्य म्हणजे ‘हाताला किती येतं’ एवढंच समजत होतो. हात कुठं जातो आणि कुठं जात नाही, हा पण प्रश्न असतो. याकडं शेवटी परत येतो.

आता भारतातलं ब्लेड. सुरुवातीला बाहेरून यायचं, साहेबाच्या आणि साहेबासारखं राहणाऱ्यांच्या घरात. स्वातंत्र्यानंतर ते इथं मोठ्या प्रमाणावर बनायला लागलं, आणि यात मल्होत्रा कुटुंबाच्या कंपन्यांचं नाव मोठं, कोलकात्यात आणि आपल्याकडं ठाण्यात. टोपाझ, भारत, पनामा, अशोक, सुपरमॅक्स. तुमच्या वडिलांना नुसती नावं घेऊन दाखवा, चेहऱ्यावर लगेच ओळख दिसेल. ब्लेड दाढीपुरतं राहिलंच नाही. कंपासपेटीत पेन्सिलीला टोक काढायला, शिवण उसवायला, नखं काढायला, पतंगाचा कागद कापायला. अर्धं ब्लेड कागदात गुंडाळून शाळेत नेलं नाही असा मुलगा आमच्या बाबांच्या पिढीत सापडायचा नाही.

सुरुवातीची ब्लेडं कार्बन स्टीलची. धार चांगली, पण पाणी लागलं की गंज. दाढी झाली की पुसून, वाळवून ठेवायची. १९६२ च्या आसपास इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीनं स्टेनलेस ब्लेड बाजारात आणलं आणि मोठी उलथापालथ झाली. जिलेटला सुद्धा घाईनं मागं जावं लागलं. या पोलादात साधारण १३ टक्के क्रोमियम असतं. शिवाय धारेवर टेफ्लॉनच्या जातीचा अतिशय पातळ थर देतात, म्हणजे पातं केसातून सरकतं, ओढत नाही. ब्लेडची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. म्हणजे बाहेरून सगळी ब्लेडं सारखी दिसली तरी पोलाद, धारेचा कोन आणि वरचा थर यात फरक असतो. काही ब्लेडं खरंच जास्त धारदार असतात, काही कमी.

आणि इथंच माझ्या एक्सेल शीटची चूक सापडते.

मी नवशिका होतो तेव्हा दाबायचो. कार्ट्रिजच्या रेझरची सवय; त्यात दाबल्याशिवाय दाढी झाल्यासारखी वाटतच नाही. सेफ्टी रेझर दाबला की कुंपण आणि धार यांच्या फटीत कातडं फुगून वर येतं. आता ब्लेड जास्त धारदार असेल तर ते फुगलेलं कातडं सरळ सोलतं. ब्लेड थोडं बोथट असेल तर वरवर खरवडत जातं, रक्त येत नाही. म्हणून मी धारदार ब्लेडाला तीन दिले आणि बोथटाला आठ. ‘एकदम मऊ’ असा शेरा मारला होता ना, तो मऊपणा म्हणजे धारेचा अभाव होता.

तीन वर्षांत नकळत हात सुधारला. दाब गेला, रेझरचं वजन आपलं काम करतं. पात्याचा कातड्याशी साधारण ३० अंशांचा कोन राहायला लागला. आधी दोन-तीन मिनिटं गरम पाणी, कारण भिजलेला केस मऊ पडतो. आणि माझ्या मानेच्या डाव्या बाजूचे केस वरून खाली नाही, कानाच्या दिशेनं आडवे उगवतात हे कळलं. एवढं झाल्यावर धारदार ब्लेड एका हातात केस कापतं आणि पुढं जातं. बोथट ब्लेड मात्र केस ओढतं, मग त्याच जागी दुसरा हात, तिसरा हात, आणि शेवटी आग.

यावर एक छान संशोधन पण आहे. केस पोलादापेक्षा जवळपास पन्नास पट मऊ, तरी ब्लेड बोथट कसं होतं? २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून बघितली. म्हणजे तिथल्या एका संशोधकानं आधी स्वतःची दाढी केली आणि ब्लेडं तपासली, मग केस आणि पातं यंत्रावर लावलं. त्यांना दिसलं की धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. आणि ते कधी उडतात? केस वाकायला मोकळा असला आणि पात्याला तिरका भिडला, आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, तर. म्हणजे बघा, ब्लेड किती दिवस टिकतं हेही एकट्या ब्लेडवर नाही. पोलाद, केस आणि ते दोन्ही कसे भिडतात, तिघांचं मिळून ते ठरतं.

आता इतिहासातला मला सगळ्यात आवडलेला भाग. जिलेटचं ब्लेड न्हाव्याची गरज संपवायला निघालं होतं. आपल्याकडं ते न्हाव्याच्याच हातात येऊन बसलं.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. त्यानंतरच्या वर्षांत भिंतींवर, एसटी स्टँडवर, दूरदर्शनवर सूचना आल्या: सलूनमध्ये नवीन ब्लेडचा आग्रह धरा. गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधी विचारायला लागलं, “नवं लावताय न्हवं?” मग वस्तऱ्यासारखाच दिसणारा पण ब्लेड बसवायचा साचा असलेला वस्तरा सगळीकडं झाला. सेफ्टी रेझरचं दुधारी ब्लेड कागदात असतानाच मधोमध मोडायचं, अर्धं लावायचं, अर्धं पुढच्या गिऱ्हाइकाला. तो ‘कट्’ असा आवाज मला लहानपणापासून ओळखीचा. आज कुठल्याही गल्लीतल्या सलूनमध्ये जा, हेच चालू आहे.

आजोबांचे दगड आणि पट्टा तेव्हा कायमचे बाजूला पडले. पहिलं कौशल्य, धार लावायचं, जे त्यांनी वर्षभर शिकलं होतं, ते एका पाकिटानं संपवलं. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? म्हणाले, “वाटलं की. पण लोकांच्या जिवाचं कारण हुतं. आणि हात कुठं गेला? हात हायच.” दुसरं कौशल्य तसंच राहिलं. उलट वाढलं, कारण अर्ध्या ब्लेडाला ना कुंपण, ना जुन्या वस्तऱ्याचं वजन. त्यात चूक लगेच दिसते.

कंपन्या मात्र उलट्या दिशेनं गेल्या. १९७१ मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज, १९९८ मध्ये तीन, मग पाच. डोकं बिजागरीवर हलतं, म्हणजे कोन पण कारखान्यातच ठरला. आपल्याकडं २०१० मध्ये जिलेट गार्ड आला: रेझर १५ रुपये, कार्ट्रिज ५ रुपये, पातं एकच. त्याच्या मागची गोष्ट वाचण्यासारखी आहे. आधी त्यांनी एक रेझर अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर तपासला होता, सगळं छान. भारतात आल्यावर कळलं की इथं बरेच पुरुष वाहत्या नळाखाली नाही, एक मग पाणी घेऊन बसून दाढी करतात, आणि त्यात रेझर केसांनी तुंबतो. परत तीच गोष्ट: वस्तू तपासली, पण ती वापरणारा हात आणि त्या हाताजवळचं पाणी बघितलं नव्हतं. जगातली एवढी मोठी कंपनी माझ्या एक्सेल शीटचीच चूक करते हे वाचून मला जरा बरं वाटलं.

कार्ट्रिज वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला सकाळी सातची गाडी पकडायचीय, ज्याचा हात थरथरतो, त्याला ते वरदान आहे. फक्त एवढंच की कौशल्य कारखान्यात गेलं की त्याचं भाडं दर महिन्याला भरावं लागतं.

दिवाळीनंतर मी सहाही ब्लेडं परत तपासली. यावेळी शिस्तीत. साबण तोच, रेझर तोच, आधीच्या दाढीपासून दोन दिवसांचं अंतर तेच, ब्लेड कुठलं हे धाकटी बहीण ठरवणार आणि मला शेवटपर्यंत सांगणार नाही. निकाल: चार ब्लेडं वर गेली, त्यात ते तीनवालं सगळ्यात वर. माझं आठवालं लाडकं पाचावर घसरलं. आणि एक ब्लेड तेव्हाही वाईट होतं, आताही वाईट. म्हणजे सगळा दोष हाताचाच असतो असंही नाही. खराब वस्तू जगात असतात. पण खराब कुठली हे सांगायचा अधिकार हात सुधारल्यावर येतो, आधी नाही.

ही शीट घेऊन आजोबांकडं गेलो. वय ८५, कान शाबूत, हात थरथरतात. ते हसून म्हणाले, “ब्लेडनं काय केलं रं? ते गप पडलंय पुड्यात.”

मग मी तो दुसरा प्रश्न विचारला, जो साताऱ्याच्या गोष्टीपासून डोक्यात होता. आजोबा, तुमच्या सलूनमध्ये सगळे यायचे?

म्हणाले, यायचे. शाहूपुरीत पेठेतले व्यापारी, गूळ वाहणारे हमाल, स्टेशनवरचे लोक, सगळे एकाच बाकावर बसायचे. नंबर येईल तो खुर्चीत. कोण कुठला विचारायची पद्धत नव्हती. १९५५ मध्ये कायद्यानंच असा नकार गुन्हा ठरवला होता, आणि कोल्हापुरात तर त्याच्या कितीतरी आधी शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात सगळ्यांसमोर चहा घेत होते. हे मला माहीत होतं. मी खूश होऊन उठायला लागलो.

तर म्हणाले, “बस. गावाकडचं ऐक.” त्यांचे वडील धोकटी घेऊन गावात सगळीकडं जायचे, पण एका वाड्याकडं जायचे नाहीत. तिथली माणसं एकमेकांची करायची. आणि नंतर आजोबा स्वतः जत्रेला गावी जायचे, चार दिवस वस्तरा घेऊन बसायचे, तेव्हा तिकडून कोणी आलं तर? थोडा वेळ गप्प राहिले. “न्हाई करायचो. शहरात करायचो, गावात न्हाई. लोक काय म्हणतील म्हणून. हाताला येत हुतं, पण हात जात न्हवता.”

मी काही बोललो नाही. त्यांना दोष द्यायचा नव्हता आणि सोडून पण द्यायचं नव्हतं. एकाच माणसाचा एकच हात, एसटीनं तासाभराच्या अंतरावर वेगळा वागत होता. ज्या घरांना न्हावी मिळत नव्हता तिथं चार-आठ आण्यांचं ब्लेड आणि स्वस्तातला रेझर पोचला असेल तेव्हा त्यांनी त्याला किती मार्क दिले असतील? मी ‘अंगावर येतं’ असा शेरा मारायला मोकळा होतो, कारण माझ्या घरात दाढी करणारा हात पिढ्यान्‌पिढ्या होता. कोणासाठी ती सोय होती, कोणासाठी हौस, आणि कोणासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायची वेळ न येणं. तेच ब्लेड.

आता दर रविवारी सकाळी मी आजोबांची दाढी करतो. त्याच जुन्या रेझरनं, त्याच तीन मार्कवाल्या ब्लेडनं. बाबा आधी नको म्हणत होते. त्यांनी मला लहानपणी वस्तऱ्याला हात लावू दिला नव्हता, “तू शीक, यात पडू नको” म्हणून. पहिल्या रविवारी ते दारात उभे राहून बघत होते. म्हाताऱ्या माणसाचं कातडं सैल असतं, ताणलं नाही तर घडीत ब्लेड अडकतं. माझ्या स्वतःच्या चेहऱ्यावर शिकलेलं अर्धं तिथं उपयोगी पडलं नाही. आजोबा डोळे मिटून, ओठ न हलवता सांगत होते, “दाबू नको. वर वढ कातडं. आता सोड... वजनानंच जाऊ दे.” शेवटी तुरटी फिरवली. त्यांनी हातानं गाल चाचपला, दोन्ही बाजूंनी, आणि हनुवटीखाली एका जागी बोट थांबलं. खुंट राहिले होते.

म्हणाले, “सहा.”

दहापैकी सहा. शीटमध्ये नोंद केलीय, ब्लेडच्या रकान्यात नाही, माझ्या नावापुढं.

तर मंडळी, एवढंच आजच्या भागात. तुमच्या ड्रॉवरमध्ये एखादं ‘वाईट’ ब्लेड पडलं असेल तर फेकायच्या आधी एकदा परत लावून बघा, दाब न देता. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर विचारा, तुमच्या गावात न्हावी कुठं कुठं जायचा, आणि कुठं जायचा नाही. उत्तर ऐकायला थोडा वेळ ठेवा. पुढच्या भागात भेटू.